भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे

कोल्हापूरच्या सायक्लोट्रॉनवरून साडेआठला निघालेली गाडी साडेनऊच्या सुमारास आमच्या मिरजेच्या संस्थेत यायची. गाडीत शिशाचा एक जाड डबा असायचा आणि डब्यातल्या कुपीत चमचाभरही नसेल इतकं पाणी. त्या पाण्यातली साखर सायक्लोट्रॉन यंत्राच्या मदतीनं किरणोत्सारी केलेली होती. निघताना तिचा जोर शंभर धरला, तर आमच्या दारात पोचेपर्यंत तो अडुसष्टवर आलेला असायचा, कारण तिला जोडलेल्या फ्लोरिन-१८च्या अणूंपैकी निम्मे दर एकशे दहा मिनिटांनी विझतात. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं किंवा आमच्याकडं दार उघडायला उशीर झाला, तर तेवढं कायमचं गेलं. ही वस्तू साठवून ठेवता येत नाही आणि उद्यावरही टाकता येत नाही.

पहिल्या वर्षी एकदा तसं झालं होतं. रुबीना सतारमेकर प्राणिगृहाच्या आतल्या खोलीत पिंजऱ्यांच्या बाटल्या भरत होती. तिला घंटा ऐकू आली नाही. डबा पाऊण तास बाहेरच्या ओट्यावर राहिला आणि त्या दिवसाचा प्रयोग रद्द करावा लागला. दुसऱ्या दिवशी तिनं प्राणिगृहाच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं करून ठेवलं. आमच्याकडं निम्म्या घरांतली घड्याळं अशी पुढं असतात, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्यानंतर तिनं गाडी एकदाही चुकवली नाही.

दुसरे तंत्रज्ञ बिरनाळे, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले. त्यांचा त्या घड्याळावर राग होता. ते आत आले की आधी खिशातून मोबाइल काढून खरी वेळ बघायचे.

"बाई, तुमच्या खोलीत आलं की माझं आयुष्य दहा मिनिटांनी कमी होतंय," ते म्हणायचे.

"मग जाताना परत घेऊन जावा, काका," रुबीना पिंजऱ्यावरून नजर न काढता म्हणायची.

हा विनोद मी निदान शंभर वेळा ऐकला असेल.

आमचं काम थोडक्यात असं. मेंदूचा जो भाग कामात असतो, तो जास्त साखर ओढून घेतो. साखरेच्या रेणूला फ्लोरिनचा तो अणू जोडला, तर पेशी ती आत घेते, पण पुढं पचवू शकत नाही. साखर तिथंच अडकून राहते आणि तिच्यातून पॉझिट्रॉन नावाचे कण बाहेर पडत राहतात. हे पाहणारे मोठे कॅमेरे जुनेच आहेत. पण त्यांच्यात उंदीर ठेवायचा तर तो हलता कामा नये, म्हणजे त्याला भूल द्यावी लागते. झोपलेल्या उंदराचा मेंदू कुणाला ओळखतो का, असं विचारण्यात काही अर्थ नाही.

म्हणून आम्ही मोजणारी वस्तूच आत नेली. सिलिकॉनची सुई, दोन कागद एकावर एक ठेवावेत एवढी जाड. तिच्या टोकाशी किरणोत्साराला संवेदनशील अशा दहा बारीक खिडक्या. पॉझिट्रॉन मेंदूच्या ऊतीत सरासरी मिलिमीटरभरसुद्धा जात नाही, त्यामुळं खिडकीवर जो येऊन आदळतो तो शेजारचाच असतो, लांबचा नसतो. सुईतली तार उंदराच्या पाठीवरच्या वीस ग्रॅमच्या डब्यात जायची आणि डबा ते आकडे बिनतारी पाठवायचा. उंदीर जागा असायचा. तो चालायचा, खायचा, मिशा साफ करायचा, आणि आम्ही शेजारच्या खोलीत बसून त्याच्या मेंदूचा एक ठिपका किती साखर खातोय ते मोजायचो.

डबा हलका ठेवायचा म्हणून त्याच्यात घड्याळ बसवलेलं नव्हतं. सुरू केल्यापासून किती सेकंद झाले एवढंच तो मोजायचा. तो कधी सुरू केला, ते सुरू करणारं माणूस नोंदवहीत लिहायचं. साखर तर मिनिटामिनिटाला विझत असते. म्हणून कुपीचा जोर किती वाजता मोजला आणि डबा किती वाजता सुरू झाला, या दोन वेळांमधल्या अंतरानुसार आकडे परत वाढवून घ्यावे लागतात. जितकं अंतर जास्त, तितकी वाढ जास्त.

सुई बसवण्याचं काम रुबीनाचं होतं. मी पीएच.डी.च्या वेळी परदेशात दोन चांगले हात पाहिले होते. तिचा हात त्या दोघांपेक्षा स्थिर होता. ती मिरजेतल्या सतारी करणाऱ्या घरातली. वडील दस्तगीर सतारमेकर जवारी काढण्यासाठी ओळखले जायचे. सतारीच्या तारा ज्या हस्तिदंती पट्टीवर टेकतात, ती कानसेनं इतकी हलकी घासायची की तारेचा आवाज उघडा व्हावा, याला जवारी काढणं म्हणतात. रुबीना लहानपणापासून ते बघत आली होती. बी.एस्सी. होऊन ती आमच्याकडं आली आणि तिनं ती सवय उंदराच्या कवटीवर आणली. पिंजरा उघडण्याआधी ती बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा हलकं वाजवायची, सतारीचा भोपळा तपासतात तसं. जनावर दचकू नये म्हणून. नियमाप्रमाणे उंदरांना फक्त क्रमांक होते. तिच्या तोंडी मात्र जवारी, चिकारी, खुंटी, खर्ज अशी सतारीतली नावं असायची. मी ती ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

प्रश्न आमचा साधा होता. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद झालेला उंदीर बाहेरून काहीच दाखवत नाही. रोज खायला घालणारं माणूस आलं तरी उठत नाही, मान वळवत नाही. त्याच्या मेंदूतल्या ओळखीच्या भागात तरी त्या माणसाला पाहून काही हलतं का? असे आठ उंदीर. प्रत्येकाबरोबर काही दिवस रुबीना बसायची, जिनं त्यांना वाढवलं ती. काही दिवस बिरनाळे, ज्यांचा वास त्यांना नवा होता. ज्याची पाळी असेल तोच डबा सुरू करायचा. बाकी सगळं सारखं.

पुढचा टप्पा माणसांचा होता. पक्षाघातानं वाचा आणि हालचाल गेलेले दहा रुग्ण आम्ही निवडले होते. त्यांना रुग्णालयातल्या कॅमेऱ्यात नेऊन वीस मिनिटं ठेवण्याऐवजी ही सुई त्यांच्या घरी, त्यांच्या खाटेवर, त्यांच्या माणसांमध्ये काही आठवडे ठेवायची. सुई शेजारूनच मोजते म्हणून किरणोत्सारी साखर अगदी थोडी पुरते. आतमध्ये कुणी ऐकतंय की नाही, हे घरच्यांना पहिल्यांदा कळलं असतं. परवानगी देणारी समिती आमच्या उंदरांच्या निकालाची वाट पाहत होती. रुग्णाचं वय सुरुवातीच्या दिवशी पंचाहत्तरच्या आत असावं, अशी समितीची अट होती.

यादीत चौथं नाव दस्तगीर सतारमेकर यांचं होतं. वय चौऱ्याहत्तर. नाव मी घातलं नव्हतं. रुबीना माझ्याकडं काम करते हे कळवून मी बाजूला झाले होते, आणि न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे निवडलं होतं.

अब्बांना दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे उघडे असायचे, पण कुणाकडं वळायचे नाहीत. घरात रुबीना, तिचा धाकटा भाऊ इलियास आणि त्याचं कुटुंब. इलियास सांगलीत शाळेत शिकवतो. त्याला वाईट म्हणता येणार नाही. अब्बांची रोजची अंघोळ तोच घालायचा, त्यांची दाढी तोच करायचा. पण त्याचं म्हणणं होतं की यांना काही कळत नाही. सांगलीत एक चांगलं शुश्रूषागृह आहे, तिथं रात्रंदिवस परिचारिका असतात, तिथं ठेवू. कुठं ठेवलं तरी यांना सारखंच. रुबीना म्हणायची, कळतं. मी खोलीत आले की त्यांचा श्वास बदलतो. इलियास म्हणायचा, तुला तसं वाटतं. यावर दोघांचं बोलणं थांबायचं. शेवटी ठरलं होतं की सुई काय सांगते ते बघू. सुईनं नाही म्हटलं तर रुबीना पुढं काही बोलणार नाही.

हे सगळं ती मला एकदाच, सुया निर्जंतुक करता करता, सांगून मोकळी झाली होती. परत तो विषय तिनं काढला नाही.

निकाल आला तो साडेआठ टक्क्यांचा. बिरनाळे शेजारी असताना उंदराचा तो ठिपका जेवढी साखर घ्यायचा, त्यापेक्षा रुबीना असताना साडेआठ टक्के जास्त. आठही उंदरांत. मी तीन वेळा आकडेमोड केली. प्रत्येक वेळी तेच. बाहेरून ओंडक्यासारखा पडून असलेला प्राणी आतून ओळख ठेवतो, असं ते आकडे म्हणत होते. त्या आठवड्यात मी चालत घरी जायचे आणि रस्त्यात कोण भेटलं ते मला आठवायचं नाही. शोधनिबंध लिहून नियतकालिकाकडं पाठवला. समितीची बैठक मंगळवारी होती.

बिरनाळ्यांना निकाल सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी आलो की मेंदू बंद. घरी पण तसंच आहे."

शनिवारी दुपारी रुबीना माझ्या खोलीत आली. तिच्या एका हातात प्राणिगृहातलं घड्याळ होतं, भिंतीवरून काढलेलं, आणि दुसऱ्या हातात नोंदवही. घड्याळ तिनं माझ्या संगणकाशेजारी ठेवलं. संगणकात चार वाजून बारा मिनिटं झाली होती. घड्याळात चार बावीस.

ती बसली नाही. तिनं सांगितलं ते असं. गुरुवारी घड्याळाचा सेल संपला. तिनं नवा घातला, बिरनाळ्यांच्या मोबाइलवर वेळ बघून काटे जुळवले, आणि मग सवयीनं मागची चावी थोडी आणखी फिरवली. फिरवताना स्वतःच्या बोटाकडं तिचं लक्ष गेलं.

"मग वही बघितली," ती म्हणाली. "माझ्या सगळ्या नोंदी ह्या घड्याळाच्या आहेत. काकांच्या नोंदी मोबाइलच्या."

मला लगेच कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण मी वही उघडली आणि पानं उलटत राहिले, जणू त्यातून दुसरं काही निघणार होतं. तिनं आधीच तांबड्या पेन्सिलीनं प्रत्येक नोंदीसमोर खूण केली होती. कुपीचा जोर मोजला जायचा तो खालच्या खोलीत, संगणकाच्या वेळेनं, म्हणजे अचूक. रुबीना डबा सुरू करायची आणि भिंतीवर बघून वेळ लिहायची, खऱ्या वेळेपेक्षा दहा मिनिटं पुढची. दोन वेळांतलं अंतर कागदावर दहा मिनिटांनी वाढायचं. आणि त्या दहा मिनिटांची, न झालेल्या विझण्याची, भरपाई आमचं सूत्र तिच्या प्रत्येक आकड्याला देत होतं. फक्त तिच्या. बिरनाळ्यांच्या नाही.

दहा मिनिटांची भरपाई साडेसहा टक्के होते. साडेआठातून ती काढली की दोनसुद्धा उरत नव्हते, आणि आमच्या मोजण्यातली अनिश्चितता दोनाचीच होती. म्हणजे हाती काही नव्हतं.

"तुम्ही आधी दहा वजा करून लिहीत होता का?" मी विचारलं.

"पहिले काही दिवस."

मग मला आठवलं. या आठ उंदरांचे प्रयोग सुरू झाले त्या महिन्यात मी एकदा तिच्यामागं उभी होते. घड्याळाकडं बघून लिहिण्याआधी ती क्षणभर थांबली. मला वाटलं ती अंदाजानं लिहितेय. मी तिला म्हटलं होतं, मनानं काही करू नका, दिसतं तेच लिहा. आणि त्याच संध्याकाळी कार्यपद्धतीच्या पानावर मी एक ओळ वाढवली होती: सुरुवातीची वेळ खोलीतील भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे नोंदवावी. रुबीनानं ती ओळ तंतोतंत पाळली. बिरनाळ्यांनी ती कधी वाचलीच नाही.

घड्याळ पुढं आहे हे आम्हा तिघांनाही चार वर्षं माहीत होतं. आम्ही त्यावर रोज हसत होतो.

खिडकीतून गेटवरच्या रिक्षावाल्यांचा आवाज येत होता. खोलीत आम्ही दोघीच होतो. नोंदवही माझ्या हातात होती, घड्याळ परत भिंतीवर लावता आलं असतं, आणि समितीपैकी कुणालाही मिरजेच्या एका भिंतीवरचं घड्याळ बघायचं सुचलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला. तो मी फार वेळ ठेवला नाही, पण आला. आणि तेव्हाच लक्षात आलं की माझ्यासमोर उभी असलेली बाई हाच विचार गुरुवारपासून बाळगून आहे, आणि तिच्याकडं तो ठेवून घ्यायला माझ्यापेक्षा फार मोठं कारण आहे. प्रयोग पुन्हा करायचे म्हणजे वर्षाच्या वर जाणार. अब्बा येत्या मार्चमध्ये पंचाहत्तर पूर्ण करत होते.

"रुबीनाताई, यादीत अब्बांचं नाव चौथं आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे, मॅडम," ती म्हणाली. "म्हणून दोन दिवस लागले."

मी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि ती समोर असतानाच समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहायला घेतलं. चूक कुणाची, या ओळीत मी माझं नाव लिहिलं. ते वाचून ती म्हणाली की घड्याळ मी पुढं केलं होतं. मी म्हटलं, वजा करू नका असं मी सांगितलं होतं. यावर आमचा थोडा वाद झाला. पत्रात शेवटी माझंच नाव राहिलं, कारण पत्र माझं होतं.

पुढचे काही आठवडे सोपे गेले नाहीत. निबंध परत घेतला. संचालकांनी बैठकीत विचारलं की इतकी वर्षं विज्ञान शिकलेल्या माणसांना घड्याळ बघता येत नाही का. प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या एका संस्थेतले ओळखीचे लोक भेटले की मनगटावरच्या घड्याळाकडं बघून हसायचे. रुबीनाला कुणी काही बोललं नाही, पण ती महिनाभर कमी बोलत होती. घरी तिनं इलियासला त्याच शनिवारी सांगितलं होतं. सुई अब्बांसाठी बहुधा येणार नाही आणि आलेला आकडा खोटा होता, एवढंच. तो काय म्हणाला, हे मी विचारलं नाही.

प्रयोगांची नवी आखणी तिनं आणि मी मिळून केली. आता प्रत्येक सकाळी काम सुरू होण्याआधी इमारतीतली सगळी घड्याळं, संगणक, मोबाइल, भिंतीवरचं, एका वेळेला मिळवायची आणि मिळवणाऱ्यानं सही करायची. सतार वाजवण्याआधी सुरात लावतात तसं, असं ती म्हणाली, आणि नोंदवहीच्या पहिल्या रकान्याला तिनं 'मेळ' असं नाव दिलं. गाडी चुकू नये म्हणून तिनं मोबाइलवर गजर लावला. तो वाजला की बिरनाळे म्हणायचे, "झालं, दहा मिनिटं परत मिळाली."

दुसरा बदल मोठा होता. उंदीर आता चोवीस. त्यातले बारा रुबीनानं वाढवायचे आणि बारा बिरनाळ्यांनी. म्हणजे निम्म्यांना ती ओळखीची, निम्म्यांना ते. माणसाच्या हाताचा, वासाचा, सवयीचा काही परिणाम असेल तर तो दोन्हीकडून कटून जावा. बिरनाळ्यांनी कुरकुर केली. जनावराला काय कळतंय, ते म्हणाले, ह्या वयात उंदीर पाळायला लावताय. पंधरा दिवसांनी मी सहज प्राणिगृहात गेले, तर ते पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून अठरा नंबरच्या उंदराला आपल्या समडोळीच्या शेतातल्या हळदीबद्दल सविस्तर सांगत होते. मला पाहून ते वजन घ्यायचा काटा पुसू लागले. महिन्यानं त्यांच्या बारांपैकी एकाला पाणी कमी पडलं म्हणून त्यांनी रविवारी येऊन बाटली बदलली. रुबीनानं ते नोंदवहीत वाचलं आणि त्यांच्यासाठी डब्यातून शीरखुर्मा आणला.

चौदा महिने लागले. मी या काळात रुबीनाला एकदाही घाई करताना पाहिलं नाही. मार्च आला आणि गेला. अब्बांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तिनं अर्धा दिवस रजा घेतली होती, दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी हजर होती आणि तिनं पाच सुया बसवल्या. पाचही नेमक्या जागी बसल्या. एखादं काम आपल्याला काही देणार नाही हे माहीत असूनही ते इतक्या नीट करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

निकाल दोन पूर्णांक तीन टक्के. अनिश्चितता अर्ध्या टक्क्याच्या थोडी वर. साडेआठच्या तुलनेत किरकोळ वाटेल, पण हा आकडा उभा राहिला. रुबीनाचे उंदीर रुबीनाला ओळखत होते, बिरनाळ्यांचे बिरनाळ्यांना. दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेनं आमची पद्धत, मेळाच्या रकान्यासकट, जशीच्या तशी उचलून तोच प्रयोग केला आणि त्यांना दोन पूर्णांक एक मिळाले. अठरा नंबरचा आलेख बिरनाळ्यांनी छापून मागितला. तो त्यांनी घडी करून पाकिटात ठेवला.

समितीनं माणसांवरच्या चाचणीला परवानगी दिली. वयाची अट बदलावी म्हणून मी स्वतंत्र पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं की अट सुरक्षिततेसाठी आहे, एका रुग्णासाठी बदलता येणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

ते पत्र मला रुबीनाच्या टेबलावर ठेवावंसं वाटलं नाही. रविवारी मी तिच्या घरी गेले. गल्लीत शिरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेले भोपळे वाळत ठेवले होते. अब्बांची खाट कारखान्याच्या खोलीत होती, जिथं त्यांनी साठ वर्षं काम केलं तिथं. भिंतीला अर्धवट सतारी टांगलेल्या, कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या फळ्या. इलियास त्यांची दाढी करून वस्तरा पुसत होता. रुबीना पायाशी बसली होती. ती दोघं आपसांत त्यांच्या बोलीत काहीतरी बोलत होती, मला पाहून मराठीत आली.

मी पत्र वाचून दाखवलं. ते दोन ओळींचंच होतं. रुबीना म्हणाली, ठीक आहे, मॅडम, मला वाटलंच होतं. मग तिनं मला विचारलं की पहिला रुग्ण कोण. जयसिंगपूरच्या एक बाई, मी सांगितलं, त्यांची मुलगी फार वाट बघतेय. सुई बसवताना डॉक्टरांच्या शेजारी तुम्हीच असावं, असं त्यांचं आणि माझंही म्हणणं आहे. मान हलवून ती म्हणाली, त्यांच्या घरी घड्याळं किती आहेत ते आधी बघून घ्यायला हवं.

इलियास हे सगळं ऐकत होता. खाटेशेजारच्या टेबलवजा फळीवर शुश्रूषागृहाचा अर्ज होता. भरलेला, सही न केलेला. मला तो दिसला हे त्याला कळलं. मी उठायला लागले, कारण पुढचं बोलणं त्यांच्या घरातलं होतं. पण तो म्हणाला, बसा मॅडम, तुमच्यासमोरच बरं.

वस्तरा त्यानं पेटीत ठेवला. 

"आपा, ते मशीन राहू दे," तो म्हणाला. "त्या शनिवारी तू येऊन मला सांगितलंस, आकडा खोटा आहे म्हणून. नसतं सांगितलं तर मी तो खरा मानला असता. तूच सांग आता. ओळखतात?"

रुबीनानं अब्बांकडं पाहिलं, मग उठून ती दारापर्यंत गेली, बाहेर थांबली, आणि परत आत आली. खाटेजवळच्या भोपळ्यावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. मी अब्बांच्या श्वासांकडं बघत होते. इलियासही बघत होता. मला काही बदल दिसला का, हे मी सांगू शकत नाही. माझ्याजवळ मोजायला काही नव्हतं आणि मला तो दिसावासा वाटत होता.

"दहा मिनिटं वजा करून सांगते," रुबीना म्हणाली. "ओळखतात."

इलियासनं अर्ज उचलला, चौपदरी घडी केली आणि खाटेचा एक पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली सारली. खाट हलायची थांबली. मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"एक वाजला," तो म्हणाला. "अब्बांच्या जेवणाचं बघतो." आणि तो आत गेला.